कॅटार या शब्दाचा पंचनामा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला कारणं मिळत गेली. आधी वाटायचं, संबंधित माणसं हयात आहेत, उगाच कशाला. मग ती एकेक करून गेली, तेव्हा वाटलं, आता ऐकायला तरी कोण आहे. घरातल्या मुलानातवंडांना मी या गोष्टीचा अर्धाच भाग सांगत आलो, पाणीचोरांचा. तो ऐकून सगळे हसतात आणि मी प्यायला पाणी मागून विषय बदलतो. उरलेला अर्धा आज लिहून ठेवतो.

एकोणीसशे तीस सालानंतरची ती चार-सहा वर्षं. आमचं गाव बारामती आणि इंदापूर यांच्या मधोमध, कालव्याच्या काठावर. बारामतीच्या शाळेत मी इंग्रजी पाचवीपर्यंत पोचलो होतो. पुढे गणिताशी जमेना म्हणून घरी आलो. गावाला माझं गणित माहीत नव्हतं, इंग्रजी तेवढं माहीत होतं. कारण माझ्याकडे शब्दकोश होता.

तो मामांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. विटेएवढा जाड, राणीच्या काळात छापलेला. त्यातले निम्मे शब्द खुद्द साहेबानंही टाकून दिलेले असावेत. घोड्यांच्या रोगांची नावं, राजदरबारातल्या टोप्यांची नावं, रसायनशास्त्रात कधीकाळी खरी मानलेली आणि पुढे खोटी ठरलेली द्रव्यं. हे सगळं त्यात होतं. नव्हती ती सुरुवातीची पानं. ती वाळवीनं खाल्ली होती. माझा कोश 'ड्रॉप्सी' या शब्दापासून सुरू होई. ड्रॉप्सी म्हणजे जलोदर. तेव्हा माझ्या इंग्रजीचा आरंभच जलोदरानं होत असे. ए, बी, सी ही अक्षरं अख्खी गेली होती आणि डी अर्धं. डॉक्टर हा शब्दसुद्धा वाळवीच्या पोटात होता.

ही गोष्ट मी गावात कोणाला सांगितली नाही. पुस्तकाला जाड खादीचं वेष्टण शिवून घेतलं आणि पुढे कोरे कागद घातले, म्हणजे उघडताना जाडी कमी दिसू नये.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी मारुतीच्या पारावर बसायचो. लोक आदल्या दिवशी बारामतीला जात आणि येताना काहीतरी इंग्रजी घेऊन येत. कालव्याच्या नोटिसा, खताच्या पोत्यावरची चिठ्ठी, औषधाची बाटली, एकदा तर घड्याळाची नुसती रिकामी डबी. मी कोश मांडीवर घ्यायचो, पानं चाळायचो, बोट फिरवायचो आणि अर्थ सांगायचो. शब्द कोशात असला तर कोशातला. नसला तर माझा. माझे अर्थ कोशातल्यापेक्षा लोकांना जास्त आवडत, कारण ते त्यांच्या ओळखीचे असत. गाव मला मास्तर म्हणू लागलं. मी आयुष्यात कुठल्याही शाळेत मास्तर नव्हतो.

पाणीचोरांचा भाग तो हाच. कालव्याच्या खात्याची नोटीस आली की अमुक मैलावरचा अॅक्विडक्ट आठ दिवस बंद राहील. अॅक्विडक्ट म्हणजे ओढ्यावरून पाणी नेणारा बांधीव पाट, हे मला आज माहीत आहे. तेव्हा ए अक्षर माझ्याकडे नव्हतं. मी पानं चाळली आणि म्हणालो, अॅक्विडक्ट म्हणजे पाणीचोर. त्याला आठ दिवस बंद ठेवणार आहेत. त्याच संध्याकाळी गावातले तीन प्रतिष्ठित बागायतदार वेगवेगळ्या पाहुण्यांच्या गावी निघून गेले, ते नवव्या दिवशी परत आले. गावाच्या दृष्टीनं माझा अर्थ शंभर टक्के खरा ठरला होता.

पण पुढे एक अडचण आली. माती तपासणीच्या एका कागदावरच्या 'अल्कली' या शब्दाचा अर्थ मी आषाढात 'खत' असा सांगितला आणि कार्तिकात, पहिला विसरून, 'रोग' असा सांगितला. त्या जमिनीचे मालक दोघे भाऊ त्यावरून भांडत पाटलांकडे गेले. धाकट्याचं म्हणणं, थोरल्यानं खताची जमीन स्वतःकडे ठेवली आणि रोगाची त्याला दिली. जमीन एकच होती, मधे बांध होता.

पाटील मोठे व्यवहारी. ते म्हणाले, "मास्तर, अर्थ आज येक अन् उद्या येक, आसं चालायचं न्हाय. गुरं कोंडवाड्यात घालायची तर आपण पंचनामा करतो. मग शब्दाचा का नको?"

तेव्हापासून वही आली. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. शब्द, अर्थ, आणि खाली पाच पंचांच्या सह्या किंवा अंगठे. शेवटी ज्याचा कागद असेल त्याचा अंगठा, 'अर्थ समजला' म्हणून. एकदा वहीत चढलेला अर्थ पुन्हा विचारायचा नाही आणि बदलायचा नाही. इंग्रजांच्या देशातसुद्धा शब्दांची इतकी कडेकोट व्यवस्था नसेल. मला ती फार आवडली, कारण आता मी जे बोलेन त्याला पाच माणसं जामीन होती.

आता गुळव्याकडे येतो.

आमच्या भागात ऊस होता, गुऱ्हाळं होती, आणि गुऱ्हाळात सगळ्यात मोठा माणूस गुळव्या. बैलांचा मालक नव्हे, उसाचा मालकही नव्हे. काहिलीतला, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या कढईतला, रस कधी उतरवायचा ते तो ठरवणार. घटकाभर आधी उतरवला तर गूळ मऊ, घटकाभर उशीर झाला तर करपलेला. आमचा गुळव्या हे नाकानं ठरवी. डोळे मिटून वाफेत तोंड घाली आणि म्हणे, "अजून काकवीच हाय," किंवा, "घ्या." त्याच्या 'घ्या'वर चार माणसं काहील उचलत. त्याच्या हातची ढेप बारामतीच्या बाजारात न फोडता विकली जाई. पन्नाशीचा, काळा, उंच माणूस. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणायचो.

एका हंगामात मी गुऱ्हाळावर रस प्यायला गेलो आणि माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हणालो, "आबा, साहेब लोक आता नाकावर नाही जात. काहिलीत थर्मामीटर घालतात."

थर्मामीटर टी अक्षरातला, तो माझ्याकडे होता.

आबा वर न बघता म्हणाला, "घालू द्या की. काहिलीला ताप चढला तर औषिद सांगायला तुमी हायच."

चुलाणावरचा माणूस हसला. मी म्हणालो, "चेष्टेचं नाही. शास्त्र आहे."

आबानं काहिलीतून थोडा पाक काढला, गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी केली आणि दगडावर मारली. टण्ण आवाज झाला.

"वाजली," तो म्हणाला. "तुमच्या बुकातला कंचा शब्द असा वाजतो, मास्तर?"

सगळं गुऱ्हाळ हसलं. बैल हाकणारासुद्धा बैल थांबवून हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसतच होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. पहिल्या वळणावरच माझं हसू संपलं होतं.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला, हंगाम सुरू व्हायच्या आधी, आबाचं नाक बंद झालं. शिंका, पाणी, आणि वास अजिबात येईना. दुसऱ्या कोणी नाक शिंकरून सोडून दिलं असतं, पण आबाचं नाक हे त्याचं अवजार होतं. तो बारामतीच्या दवाखान्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन पारावर आला.

"मास्तर, बघा वो काय लिवलंय. डाक्टरनं नाकात बत्ती धरली, कागूद दिला, बाटली दिली अन् म्हनला, पुढचा या. काय झालंय ते सांगितलंच न्हाय."

चिठ्ठीवर तीन शब्द होते. क्रॉनिक नेझल कॅटार.

मी कोश मांडीवर घेतला. क्रॉनिक सीमध्ये, म्हणजे वाळवीच्या पोटात. नेझल सापडला, नाकाचा. कॅटार पुन्हा सी. आता, मला ठाऊक नव्हतं हे खरं आहे. पण 'ठाऊक नाही' असं म्हणायला जागा होती, वेळ होता, आणि समोरचा माणूस भला होता. मी मान वर केली तेव्हा आबा माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात काळजी होती. गुऱ्हाळातला आबा नव्हता तो. मला वाटलं, आता वाजव गोळी.

मी म्हणालो, "नाकापासून सुरुवात होते."

"कशाची?" पाटलांनी विचारलं.

"रोगाची."

"कंच्या रोगाची?"

नाक आणि रोग या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या भागात एकच नाव डोक्यात येई. नाक बसतं, बोटं झडतात, तो महारोग. मी ते नाव पूर्ण घेतलं नाही. माझ्यात तेवढी सभ्यता होती. मी म्हणालो, "रक्तपितीच्या घराण्यातला आहे. अगदी सख्खा नव्हे, चुलतभाऊ म्हणा."

आबा म्हणाला, "पण मला नुसत्या शिंका येत्यात, मास्तर. अन् वास येत न्हाय."

"सुरुवात अशीच असते."

"दुसऱ्याला लागतो का?" पाटलांनी विचारलं आणि उपरण्यात जोरात नाक शिंकरलं. दिवस पालटत होते, गारठा पडायला लागला होता. पारावर बसलेल्या दहा-बारा जणांपैकी निम्मे नाक ओढत होते. मला स्वतःला सकाळपासून सहा शिंका आल्या होत्या.

"पुस्तकात तसंच म्हटलंय," मी म्हणालो.

वही उघडली. शब्द लिहिला, अर्थ लिहिला. पाच पंचांनी सह्या-अंगठे केले. आबाचा अंगठा सगळ्यात शेवटी घेतला, आणि मग शाईची गादी कोणीतरी काठीनं ढकलत नेऊन ओढ्यात टाकली. आबा आपल्या निळ्या अंगठ्याकडे बघत पारावरून उतरला. लोकांनी त्याला वाट करून दिली, जरा जास्तच रुंद.

त्या हंगामात आबाला कोणी गुऱ्हाळावर बोलावलं नाही. गूळ तोंडात जाणारी वस्तू, त्याच्या हातचा कोण खाणार? आबानंही कोणाशी वाद घातला नाही. वाईट हे की त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःचं ताट वेगळं केलं, पाणी प्यायला नारळाची करवंटी घेतली, नातवाला जवळ घेणं सोडलं.

संक्रांतीपर्यंत दवाखान्यातल्या औषधानं त्याचं नाक साफ मोकळं झालं. शिंका थांबल्या. ही बातमी कळल्यावर गावात जास्तच घबराट पसरली.

"रोग आत गेला," पाटील म्हणाले. पंचांनी माना डोलावल्या. बाहेर असता तर दिसला असता, आता कुठं बघायचा?

नवा गुळव्या लांबच्या गावाहून आणला होता. त्याच्या हाताला ढेप धरेना. पहिला गूळ चिखलासारखा झाला, दुसरा कोळशासारखा. बारामतीच्या बाजारात आमच्या गावच्या ढेपा फोडून, चाखून, थुंकून बघू लागले. गावानं त्याचं कारणही शोधलं. आबाची नजर लागली म्हणे. नजरेचा पंचनामा तेवढा राहिला.

एक दिवस आबाची बायको विहिरीवरून येताना मला आडवी आली. डोईवरची घागर उतरवली नाही. म्हणाली, "मास्तर, त्या शबुदाला त्या बुकात औषिद हाय का?"

मी म्हणालो, "बघतो."

"आत्ताच बघा की. काखंतच हाय बुक."

मी कोश उघडला. कोरे कागद उलटले. ती अक्षरओळख नसलेल्या डोळ्यांनी कोऱ्या कागदांकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. चैत्रात दोघंही लेकासुनेसकट गाव सोडून गेली. कळंबच्या बाजूला नवा साखर कारखाना निघाला होता, तिकडे गेली म्हणाले.

त्याच पावसाळ्यात मला इंदापूरला एका वकिलाकडे नकला करायचं काम मिळालं. वकिलांच्या कपाटात कोश होता, अख्खा, ए पासून. पहिल्याच दिवशी, ते कचेरीत गेले असताना, मी तो काढला. आधी अॅक्विडक्ट बघितला आणि एकटाच खूप हसलो. मग अल्कली बघितला. मग जरा थांबून कॅटार बघितला.

पडसं. नाकातून पाणी वाहणं, शिंका येणं. डॉक्टर लोकांचा जुना, भारदस्त शब्द, बाकी काही नाही. क्रॉनिक म्हणजे फार दिवस टिकलेलं. आबाला न हटणारं पडसं झालं होतं. चिठ्ठीत एवढंच होतं. मी ती ओळ चारदा वाचली. चौथ्यांदा वाचताना मलाच शिंक आली.

रविवारी मी गावी आलो आणि थेट पाटलांकडे गेलो. कोशाच्या पानांची गोष्ट मी सांगितली नाही, एवढंच म्हणालो की कॅटारचा अर्थ चुकला. ते पडसं आहे. वही दुरुस्त करू आणि आबाला निरोप पाठवू.

पाटलांनी शांतपणे वही काढली. "हितं पाच अंगठं हायत," ते म्हणाले. "त्यातला एक माणूस वैशाखात गेला. अर्थ बदलायचा तर त्योच पंच लागंल. त्येला कुठनं आणू?"

"पण अर्थच खोटा आहे."

"आसंल. आज ह्यो खोटा म्हनला, उद्या लोक इचारतील, बाकीचं खरं कशावरनं? अल्कलीवर दोघा भावांनी वाटणी केली. पाणीचोरांच्या शब्दावर तीन घरं आठ दिस तोंड लपवून बसली. ती समदी माज्या दारात येतील. आन् मग मास्तर, तुमच्याबी दारात येतील." त्यांनी वही बांधली. "पाच मानसांनी पडश्याला रक्तपिती म्हनलं, हे इंदापुरात कळलं तर आपली इज्जत काय ऱ्हाईल? गेला न्हवं का त्यो कारखान्यावर? पगार मिळतो, ब्येस हाय त्येचं."

पाटलांचं म्हणणं मला पटलं नाही. पण ऐकून बरं वाटलं. ते बरं वाटल्याचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पायऱ्या उतरताना मला हलकं हलकं वाटत होतं.

ते बरं वाटणं वर्षभर टिकलं. पुढच्या थंडीत मला पडसं झालं, इंदापूरच्या थंडीत सगळ्यांनाच होतं, आणि दर शिंकेला आबा आठवायला लागला. शेवटी मी एक कागद लिहिला. तोंडानं बोलायला जमणार नाही हे मला माहीत होतं. तो खिशात घालून एका सुट्टीच्या दिवशी कारखान्यावर गेलो.

उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. आबा गाड्यांतून मोळ्या उतरवत होता. मला बघून थांबला आणि सात-आठ पावलांवर उभा राहिला.

"लांबनंच बोला, मास्तर," तो म्हणाला. "हितं कुनाला म्हाईत न्हाय. पण तुमाला हाय, तुमी जपा."

झाडाखाली त्याची करवंटी ठेवलेली दिसली. बाकीचे एकाच तांब्यानं पाणी पीत होते.

"नाक कसं आहे?" मी विचारलं.

"नाकाला काय धाड भरली? हितनं वास येतो. आज आत पाक लागलाय बघा. पर सांगू कुनाला, हितं गुळव्या कोन इचारतो?" तो थोडा हसला. "नातू चार वर्साचा झाला. लांबनं बघतो."

मी कागद पुढे केला. त्यानं हात मागे घेतला.

"मला कुठं वाचता येतं? अन् दुसऱ्याला दिला वाचायला अन् त्यात ते रोगाचं आसलं, तर कामावरनं घालवतील. तुमीच वाचा की. तुमी तर वाचणारं."

पाच-सहा गाडीवान बिड्या ओढत ऐकत होते. मी कागद उघडला. अक्षर माझंच होतं, मराठीच होतं, एकही शब्द अडण्यासारखा नव्हता. मी घसा साफ केला आणि वाचलं, "आबांस नमस्कार. गावाकडे सर्व क्षेम आहे. पीकपाणी बरं आहे. सगळे तुमची आठवण काढतात. प्रकृतीस जपावं."

"येवढंच?"

"एवढंच."

"लांबलचक दिसतंय की."

"माझं अक्षर मोठं आहे."

तो मान हलवत म्हणाला, "बरं वाटलं. गाव इसरलं न्हाय म्हनायचं." आणि मोळी उचलायला वळला.

पुढच्या हंगामात मी पुन्हा गेलो तेव्हा तो तिथं नव्हता. कुठं गेला ते मुकादमाला सांगता आलं नाही. कागद माझ्याकडेच राहिला. घड्यांवर फाटलाय, पण वाचता येतो. त्या दिवशी गाडीवानांसमोर जसा वाचायला हवा होता, तसा आज लिहितो:

'आबा, तुम्हाला रोग नव्हता. कधीच नव्हता. चिठ्ठीत पडसं लिहिलं होतं. माझ्या पुस्तकात तो शब्द नव्हता आणि तसं सांगायची मला लाज वाटली. तुम्ही गुऱ्हाळात मला हसला होता, त्याचा रागही होता. करवंटी फेकून द्या. सगळ्यांच्या ताटात जेवा. नातवाला उचलून घ्या. मला माफ करा, आबा.'